अमेरिकेतल्या ऑनलाइन दुकानाला अंध ग्राहकाच्या वकिलाचं पत्र : आधी काय करायचं?

समीर_फ्रंटएंड

नमस्कार. आमची पुण्यात छोटी वेब एजन्सी आहे. न्यू जर्सीतल्या एका क्लायंटचं हातमागाच्या ओढण्या आणि चादरींचं शॉपिफायवरचं दुकान आम्ही सांभाळतो. प्रत्यक्ष दुकान नाही, फक्त गोदाम. माल अमेरिकाभर जातो. त्यांना न्यूयॉर्कच्या एका वकिलाचं पत्र आलंय. अशील अंध आहे, स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) खरेदी पूर्ण करता आली नाही, एडीए या दिव्यांगांच्या हक्कांच्या फेडरल कायद्याचा आणि न्यूयॉर्कच्या राज्य व शहर कायद्यांचा भंग झाला, साइट डब्ल्यूसीएजी 2.1 (वेबसाइटच्या सुगम्यतेचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या एए पातळीला आणा आणि पाच आकडी डॉलर देऊन मिटवा, असा मजकूर आहे.

क्लायंटला वाटतं की एखादं ॲक्सेसिबिलिटी विजेट, म्हणजे साइटवर चिकटवायची तयार स्क्रिप्ट, टाकलं की विषय संपेल. लाइटहाउस या गूगलच्या स्वयंचलित तपासणीत आमचा आकडा 96 येतो. तर तीन गोष्टी विचारायच्या आहेत. फक्त ऑनलाइन असलेल्या दुकानाला हा कायदा लागतो का? विजेटने भागेल का? आणि कोडमध्ये हात घालायचा तर सुरुवात कुठून करायची?

जर्सी_मंजिरी

सगळ्यात आधी, हातात आलंय ते नुसतं पत्र आहे की कोर्टाचं समन्स, ते बघा. पत्र असेल तर कोर्टाची मुदत अजून सुरू झालेली नाही. फेडरल कोर्टातला दावा रीतसर बजावला गेला की 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. रीतसर बजावणी नको असं लिहून दिलं तर 60 दिवस मिळतात. मुदत हुकली तर एकतर्फी निकाल लागू शकतो. क्लायंटने किंवा तुम्ही परस्पर ईमेलने उत्तर धाडू नका, हे काम तिथल्या वकिलाकडे द्या. क्लायंटच्या विमा पॉलिसीही त्याच दिवशी उघडून बघा. दाव्याची खबर ताबडतोब द्यायची अट बऱ्याच पॉलिसींत असते आणि उशीर हे विमा कंपनीला नकाराचं कारण पुरतं.

आता कायदा. एडीए 1990 चा, त्यात वेबसाइटचा शब्दही नाही. त्याचं तिसरं प्रकरण जनतेसाठी खुल्या असलेल्या व्यवसायांबद्दल आहे. खासगी व्यक्तीने त्याखाली दावा केला तर नुकसानभरपाई मिळत नाही. मिळतो तो दुरुस्तीचा आदेश आणि वकिलाची फी. म्हणजे पत्रातल्या रकमेत मोठा भाग फीचा असतो आणि उरलेला जोर राज्याच्या कायद्यांचा. कॅलिफोर्नियात अन्‍रू कायद्याखाली दर उल्लंघनाला किमान 4,000 डॉलर आहेत, न्यूयॉर्कचे कायदे वेगळे.

फक्त ऑनलाइन दुकानाबद्दल अमेरिकेत एकवाक्यता नाही, हे क्लायंटला स्पष्ट सांगा. नवव्या सर्किटमध्ये, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या बाजूच्या फेडरल अपील कोर्टात, वेबसाइटचा प्रत्यक्ष दुकानाशी संबंध लागतो. टार्गेटवरचा जुना दावा याच धाग्यावर उभा होता आणि 2008 ला 60 लाख डॉलरच्या तडजोडीत मिटला. डॉमिनोजच्या खटल्यात जानेवारी 2019 ला त्याच सर्किटने म्हटलं की साइट आणि ॲप ग्राहकाला दुकानातल्या पिझ्झापर्यंत नेतात, म्हणून कायदा लागू. सरकारने तांत्रिक नियमच केलेले नाहीत हा डॉमिनोजचा बचाव चालला नाही आणि ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने अपील घ्यायला नकार दिला. उलट विन-डिक्सी या किराणा साखळीच्या बाजूने अकराव्या सर्किटने एप्रिल 2021 ला निकाल दिला, पण तो निकाल त्याच वर्षी डिसेंबरात रद्दबातल झाला. कॅलिफोर्नियाच्या राज्य अपील कोर्टाने 2022 मध्ये केवळ ऑनलाइन व्यवसायाला एडीएच्या बाहेर ठेवलं. न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टांत मात्र न्यायाधीशागणिक फरक पडतो, आणि केवळ ऑनलाइन दुकानांवरचे दावे तिथे अनेकदा टिकलेत. तुमचा माल न्यूयॉर्कला जातो. 'आमचं दुकानच नाही' एवढ्या भरवशावर बसणं धोक्याचं आहे.

पत्रात तीन गोष्टी शोधा : कोणत्या तारखेला, कोणती वस्तू घेताना, नेमकं काय अडलं. 2022 मध्ये दुसऱ्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या बाजूच्या, सर्किटने ब्रेल गिफ्ट कार्डांबद्दलचे साचेबंद दावे याच कारणावरून फेटाळले. वादी पुन्हा तिथे खरेदीला जाणार हे पटण्याजोगं काही त्यांत नव्हतं. तुमच्या वकिलाला हा मुद्दा उपयोगी पडू शकतो. पण पत्र साचेबंद आहे म्हणून अडथळा खोटा ठरत नाही. तुमच्या दुकानात डोळ्यांशिवाय ओढणी विकत घेता येते का, हा प्रश्न त्याने सुटत नाही, आणि पुढचं पत्र दुसऱ्या ग्राहकाकडून येऊ शकतं.

आणखी एक. कोडला हात लावण्याआधी आजची स्थिती जपून ठेवा : थीमची प्रत, गिटमध्ये टॅग, बसवलेल्या ॲपची यादी, पानांच्या नोंदी. दाव्याची कुणकुण लागल्यावर पुरावा पुसला गेला तर ते वेगळंच प्रकरण होतं. त्यानंतर मात्र दुरुस्ती बिनदिक्कत सुरू करा, वकिलाच्या वाटाघाटी संपायची वाट बघू नका.

ओंकार_सुगम्य

लाइटहाउसचा 96 विसरा. स्वयंचलित तपासणी ऑल्ट (चित्राचं लेखी वर्णन) आहे का ते बघते, ऑल्टमध्ये 'आयएमजी 4471' लिहिलंय हे तिला चालतं. रंग निवडता येतो का, कार्टमध्ये वस्तू गेल्याचं कळतं का, हे तिला समजत नाही. आणि या दाव्यांत बहुतेक तक्रारी तिथल्याच असतात.

विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर उतरवून घ्या, मोफत आहे. क्रोम किंवा फायरफॉक्स, माउस बाजूला. एनव्हीडीएच्या साधनांमध्ये 'स्पीच व्ह्यूअर' आहे, तो बोललेलं सगळं लिहून दाखवतो. तीच तुमची नोंद. 'एच' दाबून शीर्षकं, 'बी'ने बटणं, 'एफ'ने फॉर्मचे रकाने, इन्सर्ट आणि एफ 7 ने पानावरच्या लिंक व शीर्षकांची यादी. मग एकच वाट शेवटपर्यंत चाला : शोध, फिल्टर, वस्तूचं पान, रंग व आकार, कार्ट, संख्या बदलणं, कूपन, पत्ता, मुद्दाम चुकीचा पिनकोड, पैसे, पावती. तीच वाट आयफोनवर व्हॉइसओव्हर आणि सफारीत, अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि क्रोममध्ये. दोन्हीकडे वागणूक वेगळी निघते.

ओढणीच्या दुकानात पहिला अडथळा रंगाच्या ठिपक्यांचा असतो, म्हणून तो सविस्तर सांगतो. थीममध्ये किंवा ॲपमध्ये ठिपका म्हणजे बहुतेक वेळा एक डिव्ह, मागे रंग आणि वर क्लिकचा हँडलर. टॅब दाबत गेलं की फोकस त्यावरून उडी मारून थेट 'ॲड टू कार्ट'वर जातो. स्क्रीन रीडरला तिथे काही आहे हेच माहीत नसतं. ग्राहकाला वाटतं रंग एकच आहे, आणि घरी येते भलतीच ओढणी. त्यावर डिव्हला टॅबइंडेक्स आणि रोल चिकटवत बसू नका. फील्डसेट घ्या, लेजंड 'रंग', आत खरी रेडिओ बटणं आणि प्रत्येकाला लेबल : 'गर्द निळा', 'हळदी', 'मोरपंखी'. रेडिओ नजरेआड करायचा तर डिस्प्ले नन वापरू नका, त्याने तो कीबोर्डवरूनही गायब होतो. क्लिप करून एक पिक्सेलचा करा. फोकसची कडा ठिपक्याला द्या आणि सीएसएसमध्ये कुणी आउटलाइन नन लिहिलं असेल ते काढा. संपलेला रंग डिसेबल केला तर बाण दाबताना तो वगळला जातो आणि असा रंग आहे हेच कळत नाही. तो निवडू द्या, लेबलात 'सध्या संपला आहे' लिहा आणि खरेदीचं बटण त्याप्रमाणे बदला.

दुसरी जागा कार्ट. बटण दाबलं, कोपऱ्यात आकडा 1 झाला. डोळस माणसाला दिसलं, बाकीच्यांना शांतता. मग ते पुन्हा दाबतात आणि कार्टमध्ये तीन ओढण्या जातात. यासाठी रोल स्टेटस असलेला रिकामा भाग पान उघडतानाच डॉममध्ये असू द्या आणि नंतर त्यात 'मोरपंखी ओढणी कार्टमध्ये टाकली, एकूण 1' असा मजकूर घाला. तो भाग मजकुरासकट त्याच क्षणी तयार केला तर स्क्रीन रीडर बहुतेक वेळा बोलतच नाही. इथे बरेच डेव्हलपर अडकतात, कारण इन्स्पेक्टरमध्ये सगळं बरोबर दिसतं. तुमच्याकडे कार्टचा कप्पा बाजूने सरकत येत असेल तर फोकस त्याच्या आत न्या, मागचं पान इनर्ट करा, एस्केपने बंद होऊ द्या आणि बंद झाल्यावर फोकस ज्या बटणावरून आला तिथेच परत. तेव्हा वेगळी स्टेटस सूचना नको, दोनदा बोललं जातं.

सवलतीच्या दोन किमती हा छोटा पण त्रासदायक प्रकार. खोडलेली किंमत स्क्रीन रीडर खोडलेली म्हणून सहसा सांगत नाही. ऐकू येतं '48 डॉलर 36 डॉलर'. 'आधीची किंमत' आणि 'आताची किंमत' हे शब्द नजरेआड ठेवून आत घाला.

फॉर्ममधली चूक लाल कडेने दाखवून भागत नाही. रकान्याला एआरिया-इनव्हॅलिड (एआरिया म्हणजे स्क्रीन रीडरसाठी कोडमध्ये दिलेल्या खुणा), चूक सांगणारा संदेश एआरिया-डिस्क्राइब्डबायने जोडलेला आणि फोकस पहिल्या चुकीच्या रकान्यावर. प्लेसहोल्डर म्हणजे लेबल नव्हे. मापांचा तक्ता जेपीजीत असेल तर खरा टेबल करा, शीर्षकाच्या घरांना टीएच आणि स्कोप द्या. नुसत्या चिन्हाची लिंक, म्हणजे कार्ट, शोध, हृदय, 'लिंक' एवढीच वाचली जाते, तिला नाव द्या. मजकुराचा रंगफरक किमान 4.5 ला 1. फिक्या राखाडी अक्षरांत 'परत घेतले जाणार नाही' लिहायची फार खोड आहे थीम बनवणाऱ्यांना. हे शेवटचं अंधांपेक्षा अल्पदृष्टी ग्राहकांसाठी, पण दाव्यात तेही येतं.

ऑल्ट लिहिताना खरेदी करणाऱ्याला काय कळायला हवं ते लिहा. 'स्कार्फ घातलेली स्त्री' हे यंत्राने दिलेलं ऑल्ट निरुपयोगी आहे. 'मोरपंखी सुती ओढणी, दोन बोटं रुंद लाल किनार, टोकांना गोंडे' असं लिहा. त्याच वस्तूच्या पाच फोटोंना पाच वेगळी वर्णनं, एकच पाचदा नको.

वृषाली_क्यूए

विजेटबद्दल. एका ओळीच्या स्क्रिप्टने साइट आपोआप डब्ल्यूसीएजीला उतरते, असा दावा करणाऱ्या ॲक्सेसीबी या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. जानेवारी 2025 ला 10 लाख डॉलरचा आदेश जाहीर झाला आणि एप्रिलमध्ये कायम झाला. विजेट असलेल्या दुकानांवरही दावे झालेत. आयबॉब्ज या चष्म्यांच्या दुकानावर 2021 मध्ये झाला.

कारण साधं आहे. अंध ग्राहकाकडे स्वतःचा स्क्रीन रीडर असतो, वेग आणि शॉर्टकट त्याने बसवलेले असतात. त्याला अक्षरं मोठी करायचं बटण नको, त्याला ठिपक्याचं नाव हवंय. विजेट बाहेरून अंदाजाने एआरिया चिकटवतं, आणि शॉपिफायच्या ॲपने पान पुन्हा रंगवलं की तेही निसटतं. कधी स्वतःचाच फोकस घुसवून आधी चालणारी गोष्ट बिघडवतं. ते पैसे वर ओंकारनी सांगितलेल्या रेडिओ बटणांवर घाला.

समीर_फ्रंटएंड

फारच उपयोगी, मनापासून आभार. स्पीच व्ह्यूअर लावून पाहिलं. ठिपके खरंच गायब आहेत, आणि पान उघडताच येणाऱ्या सवलतीच्या पॉपअपमधून टॅबने बाहेरच पडता येत नाही.

दोन शंका. दुरुस्ती झाली की दावा आपोआप संपतो का? आणि साइट आम्ही बांधली, तर आमच्यावरही येऊ शकतं का?

जर्सी_मंजिरी

आपोआप नाही. अडथळा उरलाच नाही तर फेडरल कायद्याखाली आदेश कशाचा द्यायचा, असा युक्तिवाद करता येतो. पण वेबसाइट उद्या पुन्हा बिघडू शकते हे कोर्टाला माहीत आहे, म्हणून पुरावा भक्कम लागतो : कोणत्या तारखेला काय बदललं, कुणी कशावर तपासलं, पुढे दर बदलामागे तपासणी कशी होणार. राज्याच्या कायद्याखालचे पैशाचे दावे झालेल्या घटनेबद्दलचे असतात, ते दुरुस्तीने पुसले जात नाहीत. डॉमिनोजलाच बघा : 2021 मध्ये खालच्या कोर्टाने वेबसाइटबद्दल वादीच्या बाजूने निकाल देऊन 4,000 डॉलर आणि दुरुस्तीचा आदेश दिला. फोनवरून ऑर्डर देता येते हा बचावही फसला. वादी 45 मिनिटांहून जास्त वेळ फोन धरून बसला होता. म्हणून 'अडचण आल्यास फोन करा' ही ओळ टाकून निर्धास्त होऊ नका.

तडजोड करायची ठरली तर मजकूर बारकाईने वाचा. 'डब्ल्यूसीएजीचं संपूर्ण पालन' असं लिहून देऊ नका, ते कुठलंही चालतं दुकान रोजच्या रोज पाळू शकत नाही. 2.1 एएशी 'बहुतांशी सुसंगत' असा शब्दप्रयोग, झेपेल अशी मुदत, बाहेरच्या ॲपमधल्या दोषांसाठी वेगळं कलम, आणि नवी तक्रार आल्यास आधी लेखी सूचना व दुरुस्तीसाठी ठरावीक दिवस. दाव्यातून मुक्त करणाऱ्या कलमात सगळी डोमेन आणि मोबाइल ॲप यायला हवं. खासगी तडजोड त्या एका वादीपुरतीच असते, दुसरा ग्राहक बांधला जात नाही. साइटवरच्या सुगम्यता निवेदनात '100 टक्के सुसंगत' असा दावा नको. कशावर तपासलं, काय अजून बाकी आहे आणि अडल्यास कोणत्या ईमेलवर माणूस उत्तर देतो, एवढं पुरे.

तुमच्याबद्दल : कायदा व्यवसायाचे मालक आणि चालवणारे यांच्यावर बोट ठेवतो. एजन्सीवर भार येतो तो करारातून. 'साइट लागू कायद्यांनुसार असेल' अशी हमी किंवा तिऱ्हाइताच्या दाव्याची भरपाई तुम्ही द्याल असं कलम सही केलेल्या करारात आहे का ते आजच बघा. पुढच्या करारात पातळी, तपासलेले ब्राउझर व स्क्रीन रीडर, आणि क्लायंटने स्वतः बसवलेल्या ॲपची जबाबदारी क्लायंटची, हे वेगवेगळं लिहा.

क्लायंट छोटा असेल, म्हणजे आदल्या वर्षाची मिळकत 10 लाख डॉलरपर्यंत किंवा पूर्णवेळ कर्मचारी 30 पर्यंत, तर त्यांच्या सीपीएला (तिथल्या सनदी लेखापालाला) आयआरएस या कर खात्याच्या फॉर्म 8826 बद्दल विचारायला सांगा. 250 ते 10,250 डॉलरच्या दरम्यानच्या पात्र खर्चाचा निम्मा, जास्तीत जास्त 5,000 डॉलर, करात वळता होतो. साइटचा कुठला खर्च पात्र ठरेल ते सीपीएच ठरवेल.

नीलेश_ठाणे

तुमचे क्लायंट युरोपातही माल पाठवत असतील तर तिकडचा कायदा जास्त थेट आहे. युरोपियन ॲक्सेसिबिलिटी ॲक्ट 28 जून 2025 पासून लागू झाला आणि त्यात ऑनलाइन विक्री नाव घेऊन आहे. सेवा देणाऱ्या सूक्ष्म उद्योगांना, म्हणजे 10 पेक्षा कमी माणसं आणि उलाढाल किंवा ताळेबंद 20 लाख युरोपर्यंत, त्यातून सूट आहे. जुलै 2025 मध्ये फ्रान्समधल्या दिव्यांगांच्या संघटनांनी ओशां, कारफूर, लक्लेर आणि पिकार या चार किराणा साखळ्यांना औपचारिक नोटिसा दिल्या, त्या ऑनलाइन खरेदीबद्दलच.

भारतातल्या दुकानांनाही वेळ उरलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 46 खासगी सेवा देणाऱ्यांनाही सुगम्यतेच्या नियमांत बांधतं. माहिती तंत्रज्ञानासाठी आयएस 17802 हे मानक 2023 मध्ये त्या कायद्याखालच्या नियमांतल्या नियम 15 मध्ये आलं. मुख्य दिव्यांग आयुक्तांनी 2022 मध्ये प्रॅक्टो या आरोग्यसेवा कंपनीच्या ॲपबद्दलच्या तक्रारीत खासगी कंपनीलाही हा कायदा लागतो असं ठरवलं. नोव्हेंबर 2024 ला राजीव रतुरी खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की नियम 15 नुसता शिफारशीसारखा ठेवून चालणार नाही, सक्तीचे किमान नियम करा. आणि 30 एप्रिल 2025 ला डिजिटल केवायसीच्या निकालात डिजिटल सेवा मिळणं हा राज्यघटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

दंड पहिल्यांदा 10,000 रुपयांपर्यंत, पुढे 50,000 ते 5 लाख. रक्कम अमेरिकेच्या मानाने लहान वाटेल, पण तक्रार करायला ग्राहकाला महागडा वकील लागत नाही. महाराष्ट्रात राज्याच्या आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे. तक्रार करणाऱ्यांना एवढंच सुचवेन : पानाचा पत्ता, तारीख, स्क्रीन रीडर व ब्राउझरची आवृत्ती, कोणती कळ दाबली, काय ऐकू आलं आणि काय यायला हवं होतं, हे लिहा, सोबत आवाजासकट स्क्रीनचं रेकॉर्डिंग जोडा. 'साइट चालत नाही' एवढ्यावर कंपनी 'आमच्याकडे चालते' म्हणून मोकळी होते.

ओंकार_सुगम्य

समीर, पॉपअप आजच बंद करा. त्यात अडकलेला ग्राहक पुढे कुठेच जाऊ शकत नाही, म्हणून त्याचा क्रम रंगांच्याही आधी. मग रंग, कार्ट, फॉर्म, आणि शेवटी ऑल्ट; ऑल्टचं काम मोठं असलं तरी ते कोडशिवाय समांतर चालू शकतं. सगळ्यात जास्त विकल्या जाणाऱ्या वस्तूंपासून लिहायला घ्या.

बसवलेली ॲप एकेक बंद करून तीच वाट पुन्हा चाला. थीम ठीक असते आणि परीक्षणांचे तारे, चॅटचा गोळा किंवा फिल्टरचं ॲप घोळ घालतं, असं फार होतं. चेकआउट शॉपिफायचं असल्याने त्यात तुम्हाला फारसा बदल करता येणार नाही. तिथे काही अडलं तर स्पीच व्ह्यूअरचा मजकूर आणि रेकॉर्डिंग जोडून त्यांच्याकडे तक्रार नोंदवा, तिकिटाचा क्रमांक जपा, तो मंजिरींनी सांगितलेल्या पुराव्यात जातो.

आणि ॲक्स-कोर हे सुगम्यता तपासणारं साधन प्लेराइट या चाचणीच्या साधनात बसवून प्रत्येक पुल रिक्वेस्टवर चालवा. सगळं सापडणार नाही, पण सुटलेलं लेबल किंवा नाव नसलेलं बटण लाइव्ह व्हायच्या आधी अडेल. त्याच्या जोडीला दर मोठ्या बदलानंतर रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध परीक्षकाकडून, त्याचे रीतसर पैसे देऊन, खरेदीची पूर्ण वाट तपासून घ्या. डोळस डेव्हलपर एनव्हीडीए लावूनही नजरेने बटण शोधतो आणि मग तिथे टॅबने पोहोचतो. एनव्हीडीएमध्ये स्क्रीन काळी करायची सोय आहे, 'स्क्रीन कर्टन' नावाची. निदान स्वतःच्या चाचणीला ती लावत जा.